रेल-तारेवर टांगलेले चित्र पुन्हा पुन्हा कलते, सरकते किंवा पुढे झुकते : समस्या निवारण

संग्रहालयाच्या दालनात भिंतीच्या माथ्याशी बसवलेली ॲल्युमिनियमची रेल, तिच्यातून खाली सोडलेल्या बारीक तारा किंवा पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्या आणि त्यांवर वरखाली सरकवता येणारे पकड-हुक, अशी टांगणी आता बऱ्याच ठिकाणी रूढ झाली आहे. प्रत्येक प्रदर्शनासाठी भिंतीत नवी भोके पाडावी लागत नाहीत, चित्राची उंची हवी तशी बदलता येते आणि काम नीट झाले असेल तर पाहणाऱ्याचे लक्ष टांगणीकडे जातही नाही. या पद्धतीविषयी एक तक्रार मात्र सतत ऐकू येते. पाणसळ लावून सरळ केलेले चित्र आठवडाभरात पुन्हा कलते, पुन्हा सरळ केले की पुन्हा कलते, आणि शेवटी ते रोज सकाळी हाताने सरळ करणे हा दालन उघडण्याच्या कामाचाच एक भाग होऊन बसतो.

हे दुखणे मी अनेकदा दुरुस्त केले आहे, आणि त्यावरून एवढे ठामपणे सांगता येते की चित्र सरळ करणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे होय. चित्र कोणत्या बाजूला, किती आणि कशा रीतीने हलले, यातच दोष कोठे आहे याचे उत्तर असते. त्याला हात लावताच ते उत्तर नाहीसे होते आणि आपण पुन्हा अंदाजावर येतो. म्हणून पुढील तपासण्यांपूर्वी मोजमापे घ्यावीत आणि तोवर चित्र तिरके दिसत असेल तर दिसू द्यावे.

हात लावण्यापूर्वीची मोजमापे

सात आकडे पुरतात. रेलच्या खालच्या कडेपासून चौकटीच्या डाव्या आणि उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन अंतरे. भिंत आणि चौकटीची वरची कड यांतील फट. भिंत आणि खालची कड यांतील डाव्या व उजव्या टोकाची फट. आणि दोन तारांमधील अंतर, एकदा रेलपाशी व एकदा हुकांपाशी. हे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत आणि समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. माप जमिनीपासून किंवा छतापासून घेऊ नये, कारण ही दोन्ही समपातळीत असतीलच असे नाही. रेलही कदाचित समपातळीत नसेल, पण आपल्याला पातळी मोजायची नसून दोन दिवसांतील फरक मोजायचा आहे, आणि त्यासाठी एकच ठरलेली रेषा पुरेशी असते. चौकटीजवळ पोलादी टेप नेऊ नये. सोनेरी मुलामा किंवा जुने पॉलिश तिच्या कडेने सहज ओरखडले जाते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी.

लक्षणे

प्रत्येक वेळी तोच कोपरा खाली येत असेल आणि हे हळूहळू, काही दिवसांत घडत असेल, तर त्या बाजूचा हुक घसरत आहे किंवा त्या बाजूची दोरी लांबत आहे. दोन्ही कोपरे सारखेच खाली आले असतील, म्हणजे चित्र सरळ दिसते पण शेजारच्या चित्रांच्या ओळीतून खाली उतरले आहे, तर बहुधा दोन्ही दोऱ्या ताणल्या गेल्या आहेत. कधी डावा तर कधी उजवा कोपरा खाली येत असेल, तर चित्र एका बिंदूभोवती फिरण्यास मोकळे आहे आणि त्याला बाहेरून हिसका बसतो आहे. चित्र न कलता संपूर्णपणे डावीकडे किंवा उजवीकडे गेले असेल, तर रेलमधील सरक-तुकडे, म्हणजे ज्यांना तारा अडकवलेल्या असतात ते, जागचे हलले आहेत. वरची कड भिंतीपासून दूर येऊन चित्र पाहणाऱ्याच्या अंगावर झुकल्यासारखे दिसत असेल, तर दोष चौकटीच्या मागील कड्यांच्या, म्हणजे हुक ज्यांत अडकवतात त्या वळ्यांच्या, जागेत शोधावा लागतो.

एक लक्षण मात्र या सर्वांहून वेगळे आहे आणि त्यासाठी पुढील क्रम पाळण्याची गरज नाही. रेल आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वी नसलेली फट दिसू लागली असेल, रेलच्या वरच्या कडेने रंगाला बारीक चीर गेली असेल किंवा खाली जमिनीवर गिलाव्याची पांढरी भुकटी पडलेली आढळली असेल, तर तपासणी तेथेच थांबवावी, चित्राखालची जागा मोकळी करावी आणि दोघांनी मिळून चित्र उतरवावे. तारेचे तुटलेले धागे बाहेर डोकावत असतील तरीही हेच करावे.

पहिली तपासणी : दालनात काय घडते

यात खर्च काहीच नाही, पण बहुतेक जण हीच पायरी वगळतात. चित्र कलल्याचे कोणत्या दिवशी लक्षात येते, याची नोंद ठेवावी. ते नेहमी सफाईनंतरच्या सकाळी कलत असेल, तर चौकटीच्या वरच्या कडेवरून फिरणारा धुळीचा ब्रश किंवा भिंतीलगत फिरवलेला झाडू हे कारण असू शकते, आणि अशा वेळी हुक बदलणे हा निव्वळ अपव्यय ठरतो. त्या भिंतीत दार असेल तर ते एकदा नेहमीसारखे सोडून द्यावे आणि त्या वेळी चित्राच्या खालच्या कडेकडे पाहावे. दार आदळताच कड थरथरताना दिसली, तर दाराच्या वरच्या क्लोजरचा स्क्रू थोडा फिरवून दार सावकाश बंद होईल असे करावे. वातानुकूलनाचा झोत चित्रावर येतो का हे पाहण्यासाठी टिश्यू कागदाची वीतभर पट्टी चौकटीशेजारी धरावी. पट्टी सतत हलत असेल, तर झोताच्या पात्यांची दिशा बदलणे हाच उपाय, आणि कॅनव्हासवर सतत पडणारी कोरडी किंवा दमट हवा चित्रालाही चांगली नसते, हा त्यातला वेगळा लाभ.

हे पाहणे महत्त्वाचे अशासाठी की रेल-तारेची टांगणी मुळातच लवचीक असते. भिंतीत दोन स्क्रूंवर घट्ट बसवलेल्या चित्राला जो धक्का जाणवतही नाही, तो दोन मीटर लांबीच्या तारांवर लटकणाऱ्या चित्राला हलवतो. असा प्रत्येक धक्का क्षुल्लक असतो, पण प्रत्येक वेळी चित्र अगदी जुन्या जागी परत येत नाही आणि हे लहान लहान फरक साठत जातात.

दुसरी तपासणी : खालच्या कोपऱ्यांच्या गाद्या

चौकटीच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या, रबराच्या किंवा सिलिकोनच्या लहान गाद्या चिकटवलेल्या असतात. चित्र वरून तारांना लटकते, पण ते स्थिर राहते ते या गाद्या भिंतीला टेकून निर्माण होणाऱ्या घर्षणामुळे. एक गादी गळून पडली असेल, दबून पातळ झाली असेल किंवा उन्हाळ्यात तिचा गोंद सैल होऊन ती तिरपी सरकली असेल, तर एक कोपरा भिंतीला टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. मोजमापांत खालच्या फटींचे डावे व उजवे आकडे वेगळे आले असतील, तर हाच दोष असण्याची शक्यता मोठी असते.

गादी तपासण्यासाठी चित्र उतरवावे लागत नाही. खालची कड दोन्ही हातांनी भिंतीपासून दोन बोटे पुढे धरून टॉर्चने पाहता येते. एकच गादी बदलू नये. दोन्ही एकाच जाडीच्या, एकाच प्रकारच्या आणि एकाच वेळी लावाव्यात. फेल्ट गुळगुळीत ऑइल पेंटवर घसरते, म्हणून अशा भिंतीवर सिलिकोनच्या गाद्या अधिक उपयोगी पडतात. मऊ पीव्हीसीच्या गाद्या मात्र टाळाव्यात, कारण त्यातील तेलकट घटक कालांतराने रंगात उतरतो आणि भिंतीवर कायमचे डाग राहतात. गाद्यांमुळे चित्रामागे हवा खेळती राहते, हेही बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर महत्त्वाचे असते, कारण तेथे थंडीत किंवा पावसाळ्यात ओल धरते.

तिसरी तपासणी : तारा ओळंब्यात आहेत का

मघाशी घेतलेल्या आकड्यांपैकी तारांमधील वरचे आणि खालचे अंतर आता उपयोगी पडते. दोन्ही सारखे हवेत. तारा वर एकमेकींपासून दूर आणि खाली जवळ असतील, किंवा याच्या उलट असेल, तर प्रत्येक तार चित्राचे वजन उचलण्याबरोबरच आपल्या सरक-तुकड्याला रेलमध्ये आडवेही ओढत असते. हे ओढणे किती, ते तारेच्या लांबीवर अवलंबून असते. एका तारेवर ५ किलो भार आहे आणि ती ओळंब्यापासून २ से.मी. बाहेर आहे असे मानले, तर २ मीटर लांबीच्या तारेत आडवी ओढ सुमारे ५० ग्रॅमची असते. पण चित्र उंच टांगलेले असून तार अवघी ३० से.मी. असेल, तर तीच ओढ साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. गुळगुळीत रेलमध्ये एवढी ओढ दालनातील वर्दळीच्या जोडीने सरक-तुकडा हळूहळू हलवण्यास पुरेशी ठरते. एका बाजूचा तुकडा सरकला की त्या बाजूचा कोपराही किंचित वरखाली होतो आणि मग आपण विनाकारण हुकाला दोष देतो.

उपाय साधा आहे. चौकटीमागील कड्यांमधील अंतर मोजावे, रेलमध्ये तुकडे तेवढ्याच अंतरावर आणावेत आणि बारीक दोऱ्याला वजन बांधून केलेल्या ओळंब्याने प्रत्येक तार पडताळावी. रेल स्वतःच एका बाजूला उतरती असेल, तर तुकड्यांच्या शेजारी अडथळे बसवावेत; बहुतेक उत्पादक ते वेगळे देतात. रेल समपातळीत आणण्याचा मोह मात्र आताच करू नये.

चौथी तपासणी : खुणेची चाचणी

सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त माहिती देणारी तपासणी हीच, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवावा. सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे बारीक तुकडे घ्यावेत. प्रत्येक तारेवर एक तुकडा वर, सरक-तुकड्याच्या खाली बरोबर १ से.मी.वर, आणि दुसरा हुकाच्या खाली बरोबर १ से.मी.वर गुंडाळावा, हुकाखाली तारेचे उरलेले टोक चित्रामागे लोंबत असते, त्यावर. दोन खुणांमधील अंतरही मोजून ठेवावे आणि आठवडाभर चित्राला हात लावू नये.

आठवड्यानंतर खालची खूण आणि हुक यांतील अंतर कमी झाले असेल, तर हुक घसरत आहे. हुक जागच्या जागी असून दोन खुणांमधील अंतर वाढले असेल, तर दोरी लांबत आहे. वरची खूण सरक-तुकड्यापासून दूर गेली असेल, तर तारेचे वरचे टोक आपल्या पकडीतून सुटत आहे. हे तिन्हींतील सर्वांत धोकादायक, आणि ती तार लगेच बाद करावी. काहीच बदलले नसेल आणि तरीही कोपरा खाली आला असेल, तर दोष तारेत नाही. तो चौकटीच्या मागे आहे किंवा रेलमध्ये.

हुक घसरत असल्याचे दिसले, तर आधी तारेचा व्यास व्हर्नियरने मोजावा. २ मि.मी. तारेसाठी केलेला स्वयंपकड हुक १.५ मि.मी. तारेवर बसतो, हाताने ओढून पाहिल्यास धरतोही, पण काही दिवसांनी सरकू लागतो. दोन वेगवेगळ्या संचांतील हुक एकाच खणात ठेवले जातात तेथे हा घोळ हमखास होतो. व्यास जुळत असेल तर तार पुसावी. नव्या पोलादी तारेवर कारखान्यातील तेलाचा पातळ थर असतो आणि जुन्या तारेवर हाताचा मेणचटपणा. चित्र बाजूला ठेवून, धागे न सोडणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तार पुसली की पकड सुधारते. नायलॉनची दोरी मात्र कोरड्या कापडानेच पुसावी. पोलादी तारेवर उघड्या बोटाने कधीही हात फिरवू नये. तुटलेला एखादा धागा सुईसारखा बोटात शिरतो. कापसाचा बोळा फिरवला तर तो अडकून तेच सांगतो.

हुक स्क्रूने आवळण्याचा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती डोळ्यांजवळ नेऊनच दिसते. स्क्रू जेथे आवळला होता तेथे नायलॉनवर चंद्रकोरीसारखी खाच पडते आणि पोलादी तारेचे धागे चपटे होतात. चित्र सरळ करण्यासाठी हुक एक-दोन मि.मी. वर घेऊन पुन्हा आवळला, की स्क्रूचे टोक जुन्या खाचेच्या उतारावर बसते आणि दोन दिवसांत घसरून त्याच खाचेत परत येते. रोज सरळ करूनही चित्र बरोबर तेवढेच कलते, यामागे अनेकदा एवढेच कारण असते. स्क्रू अधिक आवळणे हा त्यावर उपाय नाही, त्याने खाच खोल होते. तार बदलावी, किंवा वरच्या टोकाची जागा बदलता येत असेल तर हुक तारेच्या कोऱ्या भागावर येईल अशी रचना करावी.

पाचवी तपासणी : दोरीचा पदार्थ

दोन खुणांमधील अंतर वाढलेले आढळले, तर ती दोरी जवळजवळ नेहमी नायलॉनची असते. पारदर्शक नायलॉन पांढऱ्या भिंतीवर दिसत नाही, म्हणून तो निवडला जातो. पण सततच्या भाराखाली तो हळूहळू लांबत राहतो आणि हवेतील ओलावा शोषून अधिक नरम होतो. हा त्याचा स्वभाव आहे, तो दुरुस्त करता येत नाही. हलकी, थोड्या आठवड्यांसाठी लावलेली चित्रे त्यावर ठीक राहतात. काच लावलेल्या किंवा जड चौकटींसाठी मी नायलॉन वापरत नाही, आणि दालन कितीही स्वच्छ दिसावे असा आग्रह असला तरी या बाबतीत तडजोड करू नये असे माझे मत आहे. १.५ मि.मी. जाडीची बिनचकाकी राखाडी पोलादी तार चार पावलांवरून फारशी जाणवत नाही. डोळ्यांना खुपते ती तार नसून तिच्यावरची दिव्याची चमक असते, आणि ती दिव्याचा कोन बदलून घालवता येते. भिंतीच्याच रंगात रंगवलेल्या पातळ पोलादी कांब्या हा आणखी एक पर्याय आहे; त्या लांबत नाहीत आणि चित्राला फिरूही देत नाहीत.

पोलादी तारही नवी असताना थोडी लांबते, कारण पिळातील धागे भाराखाली एकमेकांवर घट्ट बसतात. म्हणून नवी तार रेलला लावून चित्राच्या वजनाएवढे निर्जीव वजन, उदाहरणार्थ वाळूची पिशवी, एक-दोन दिवस टांगून ठेवावे आणि मगच चित्र लावावे. दोन्ही तारा एकाच वेळी आणि एकाच गुंडाळीतून बदलाव्यात. एक जुनी आणि एक नवी तार लावली, की तिरकेपणा आपणच विकत घेतला म्हणायचा.

सहावी तपासणी : चौकटीची मागील बाजू

येथून पुढे चित्र उतरवावे लागते. दोन माणसे, स्वच्छ नायट्रिल हातमोजे, खाली ठेवण्यासाठी फोमचे ठोकळे आणि आधीच मोकळी केलेली जागा, एवढी तयारी नसेल तर हात लावू नये.

चौकटीच्या दोन बाजूंना डी-आकाराची कडी असून त्यांच्यामध्ये आडवी तार बांधलेली असेल आणि तीच एका हुकावर टेकलेली असेल, तर कधी डावीकडे कधी उजवीकडे कलण्याचे कारण सापडले. अशी तार हुकावर घसरते आणि चित्र एका बिंदूवर फिरते. शिवाय तार जितकी ताठ बांधलेली तितका तिच्यातील ताण जास्त असतो. १० किलोच्या चित्रामागील तार क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूस ताण सुमारे ७ किलो येतो, ३० अंशांना तो १० किलो होतो आणि १० अंशांना जवळपास २९ किलो. म्हणजे झोल कमी दिसावा म्हणून ताणून बांधलेली तार आपल्या कड्यांचे स्क्रू उपटण्याच्या आणि चौकटीच्या बाजू आत ओढण्याच्या कामी लागलेली असते. ती काढून टाकावी आणि दोन्ही कड्या थेट दोन हुकांवर घ्याव्यात.

कड्या वरच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का, हे मोजावे. त्यांत २ मि.मी.चाही फरक असेल तर तो प्रत्येक वेळी हुकांनी भरून काढावा लागतो, आणि पुढच्या प्रदर्शनात दुसरा माणूस हुक समपातळीत लावून चित्र पुन्हा तिरके करतो. स्क्रू बोटाने फिरत असतील, तर लाकडातील आटे संपले आहेत. नव्या चौकटीत कडी थोडी बाजूला घेऊन नवे भोक पाडता येते, पण त्याआधी चौकटीच्या लाकडाची जाडी मोजावी आणि स्क्रू तिच्यापेक्षा निश्चित आखूड घ्यावा. जुन्या, कोरीव किंवा मुलामा दिलेल्या चौकटीला स्वतः भोक पाडू नये.

पुढे झुकण्याचे कारणही येथेच सापडते. कड्या चौकटीच्या मागच्या बाजूस असतात आणि चित्राचा गुरुत्वमध्य त्यांच्या थोडा पुढे असतो, त्यामुळे मोकळे लटकणारे चित्र खालची कड भिंतीकडे नेत वरून पुढे येते. गुरुत्वमध्य कड्यांच्या २ से.मी. पुढे आणि ३० से.मी. खाली असेल, तर हा कल सुमारे ४ अंशांचा होतो. तो केवळ १० से.मी. खाली असेल, म्हणजे कड्या जवळजवळ मध्यावर लावलेल्या असतील, तर कल ११ अंशांवर जातो. म्हणून कड्या वरच्या चौथ्या भागात असाव्यात. त्यानंतरही थोडा कल उरला, तर खालच्या गाद्या अधिक जाड घ्याव्यात. वरच्या आणि खालच्या फटीचे आकडे सारखे झाले की चित्र ओळंब्यात आले.

चित्र खाली आहे तोवर त्याचे वजन करून घ्यावे. ही गोष्ट वारंवार राहून जाते, कारण नोंदवहीत वजन लिहिलेले असते. पण ते जुन्या चौकटीचे असते. ३ मि.मी. जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेसात किलो भरते आणि त्याच जाडीच्या ॲक्रिलिकचे साडेतीन किलोंच्या आसपास. ८० × १२० से.मी.च्या चित्राला ॲक्रिलिक काढून काच लावली, तर भार जवळजवळ ४ किलोंनी वाढतो आणि हुक मात्र तेच राहतात. हुक, तार आणि रेल या तिघांच्या क्षमता वेगळ्या असतात आणि त्यांतील सर्वांत कमी आकडाच खरा मानायचा असतो. तारेच्या वेष्टनावर छापलेला आकडा ती तुटण्याचा आहे की वापराचा, हेही पाहावे. तुटण्याचा असेल तर त्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त भार देऊ नये.

सगळे ठीक असूनही चित्र हलत असेल, तर तेवढ्याच वजनाची आणि आकाराची साधी फळी आठवडाभर त्याच तारांवर टांगावी. फळीही कलली तर चित्र निर्दोष आहे. कायमस्वरूपी मांडलेल्या चित्रांसाठी खालच्या कडेला कुलूप-हुकाचा तिसरा आधार देण्याचा विचार करावा. १९११ साली लूव्रमधून मोनालिसा भिंतीवरून काढून नेली गेली, तशा प्रसंगांना आळा घालणे हा अशा हुकांचा मूळ हेतू, पण चित्राला फिरू न देणे हेही काम ते उत्तम करतात. मात्र त्यासाठी भिंतीत भोक पाडावे लागते, म्हणून दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या दालनात ते सोयीचे नाहीत.

सातवी तपासणी : रेल आणि भिंत, फक्त पाहण्यापुरती

चित्र खाली असताना शिडीवर चढून रेलच्या मागे एक कागदी कार्ड सरकवून पाहावे. कार्ड काही ठिकाणी आत जाते आणि काही ठिकाणी जात नाही, असे आढळले तर तेथील स्क्रू सैल आहे किंवा भिंतच तेथे खोलगट आहे. पेन्सिलने तारीख घालून खूण करावी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहावे. सर्व स्क्रू बसवलेले आहेत का तेही मोजावे. रेलमधील एकाआड एक भोके रिकामी सोडून दिलेली पुष्कळदा दिसतात, आणि उत्पादकाने दर मीटरला दिलेली क्षमता सर्व भोके भरलेली आहेत असे धरूनच दिलेली असते. ती क्षमता दर मीटरची असते, दर हुकाची नव्हे, त्यामुळे दोन जड चित्रे शेजारी शेजारी आली तर प्रत्येक हुक आपल्या मर्यादेत राहूनही रेल मर्यादेबाहेर जाते.

भिंतीवर बसवलेल्या रेलच्या स्क्रूंवर भार मुख्यतः खालच्या दिशेने, स्क्रू मधोमध कापू पाहावा तसा येतो. छताला बसवलेल्या रेलचे स्क्रू मात्र तोच भार सरळ उपटण्याच्या दिशेने झेलतात. म्हणून छतावरील रेलमध्ये एकही सैल स्क्रू चालत नाही, आणि जिप्समच्या खोट्या छताला रेल लावलेली असेल तर ती आतील चौकटीला धरली आहे की केवळ बोर्डाला, हे कळल्याशिवाय तिच्यावर चित्र टांगू नये.

येथे थांबावे

सैल स्क्रू आवळून पाहणे, मोठा प्लग ठोकणे किंवा शेजारी नवे भोक पाडणे हे काम आपले नाही. भिंत पोकळ आहे की भरीव, गिलाव्याखाली वीट आहे की चुन्याचा जुना भुगा, आतून विजेची नळी गेली आहे का, जुन्या छताच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. रेल भिंतीपासून सुटली असेल, एकाहून अधिक स्क्रू फिरत असतील, जिना किंवा वर्दळीच्या वाटेवर चित्र असेल किंवा ते दोन माणसांनाही जड जात असेल, तर इमारतीचा अभियंता किंवा चित्रटांगणीचे काम करणारे अनुभवी कारागीर बोलवावेत. वारसा म्हणून संरक्षित इमारतीत भिंतीला हात लावण्यापूर्वी संबंधितांची परवानगी लागते.

रंगाच्या पापुद्र्या सुटताना दिसल्या, कॅनव्हास सैल पडलेला असेल, हलवताना चौकटीतून खडखड ऐकू आली किंवा चौकटीचे सांधे उघडलेले असतील, तर टांगणीचा विचार बाजूला ठेवून चित्रसंवर्धकाला बोलवावे. अशा चित्राची मागील बाजू तपासण्यासाठी ते पालथे घालणेही घातक ठरू शकते. चित्र दुसऱ्या संस्थेकडून उसने आणलेले असेल, तर करारात बहुधा मालकाच्या संमतीशिवाय कड्या, तारा किंवा चौकट बदलण्यास मनाई असते, म्हणून पाचव्या तपासणीपर्यंतच जावे आणि मालक संस्थेला कळवावे.

बोलावलेल्या व्यक्तीला सात मोजमापे व त्यांच्या तारखा, खुणेच्या चाचणीचा निकाल, चित्राचे आजचे वजन, तारेचा व्यास, हुकाचा प्रकार आणि रेलमागील खुणांची छायाचित्रे द्यावीत. तोवर चित्र फोमच्या ठोकळ्यांवर, आतल्या बाजूच्या भिंतीला किंचित कललेले, पाठ भिंतीकडे करून ठेवावे, आणि रिकाम्या रेलला दुसरे चित्र लावले जाऊ नये म्हणून तिच्यातील दोन्ही तारा काढून घ्याव्यात.